वाद्य पितळेचे, माउथपीस प्लास्टिकचा



लग्नाची वरात असो, गणेशविसर्जनाची मिरवणूक असो, की चर्चच्या सणाची फेरी असो. बँड वाजू लागला म्हणजे आपले लक्ष वेधून घेतात ती झळाळणारी पितळी वाद्ये. ट्रंपेट, युफोनियम, ट्रॉम्बोन यांची रुंद तोंडे आपल्याला दुरूनही दिसतात. परंतु वादकाच्या ओठांशी टेकलेला, जेमतेम बोटभर लांबीचा एक भाग मात्र सहसा कोणाच्या नजरेस येत नाही. त्याला माउथपीस म्हणतात. तो वाद्याच्या नळीला जोडलेला नसतो, नुसता तीत बसवलेला असतो. हलकेच फिरवून ओढला की बाहेर येतो. वाद्याच्या एकंदर किमतीत त्याचा वाटा लहानच असतो. परंतु वाद्य आणि माणूस यांची गाठ पडते ती याच ठिकाणी.

हा माउथपीस पिढ्यान् पिढ्या पितळेचा होत आला आहे. अलीकडे मात्र लाल, निळे, हिरवे, काचेसारखे पारदर्शक असे प्लास्टिकचे माउथपीस विक्रीस येऊ लागले आहेत. शाळेच्या बँडमध्ये मुलगा किंवा मुलगी बिगुल अगर ट्रंपेट शिकू लागली म्हणजे पालक साहजिकच विचारतात, की हे खेळणे आहे की खरे साधन? याने स्वर बिघडेल काय? ओठांना काही अपाय होईल काय? पैसे वाचतील, की वाया जातील? या प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधावयाची आहेत.

प्रथम माउथपीसचे काम काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. पुष्कळांची अशी समजूत असते, की वादक वाद्यात जोराने फुंकतो आणि पितळ वाजते. वस्तुतः तसे नाही. बासरीत हवेचा झोत छिद्राच्या कडेवर आपटतो. सनईत आणि क्लॅरिओनेटमध्ये पत्ती कंप पावते. पण पितळी वाद्यात कंप पावतात ते वादकाचे स्वतःचे ओठ. ओठ मिटून त्यांतून हवा दाबाने सोडली, तर माशीच्या गुणगुणण्यासारखा आवाज येतो. हाच त्या सर्व संगीताचा मूळ आरंभ. ट्रंपेटवर मधल्या पट्टीतील एक साधा स्वर धरला, तर तेवढ्यासाठी ओठांची उघडझाप एका सेकंदात सुमारे ४६६ वेळा होते. ओठांच्या या कंपाला वाद्याच्या नळीत कोंडलेली हवा साथ देते, त्याला शिस्त लावते, आणि मग तो स्वर मोठा होऊन बाहेर पडतो.

आपल्याला हे काही नवे नाही. देवघरातला शंख याच रीतीने वाजतो. शंखाचे टोक कापून केलेले लहानसे छिद्र हाच त्याचा माउथपीस. जनावराच्या शिंगाचे रणशिंग, पितळेची तुतारी, देवळापुढचा लांब कर्णा, ही सारी ओठांनी वाजणारीच वाद्ये होत. शंख हा चुन्याच्या जातीच्या द्रव्याचा, शिंग हे केसा-नखांच्या जातीच्या द्रव्याचे, तुतारी धातूची. तरी तिघांची वाजण्याची तऱ्हा एकच. २०१० साली दक्षिण आफ्रिकेत फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा प्रेक्षकांनी वुवुझेला नावाचे प्लास्टिकचे लांब भोंगे वाजवून साऱ्या जगाचे कान किटवले होते. तो भोंगाही याच कुळातला, आणि त्याचा तोंडाशी धरावयाचा भागही प्लास्टिकचाच. तेव्हा प्लास्टिकमधून आवाज निघेल किंवा नाही, ही शंका तरी कोणी बाळगावयास नको. प्रश्न आहे तो चांगला, सुरेल, हवा तसा वळणारा आवाज निघेल काय, एवढाच.

यासाठी माउथपीसची रचना पाहू. त्याचे ढोबळ मानाने चार भाग पडतात. ओठ ज्यावर टेकतात ती गोल कड. कडेच्या आतील पेला. पेल्याच्या तळाशी असलेले अरुंद छिद्र, त्याला गळा म्हणू. आणि गळ्यापासून पुढे हळूहळू रुंदावत जाणारी नळी. ट्रंपेटच्या पेल्याचा आतील व्यास साधारणपणे १६ ते १७ मिलिमीटर असतो. ट्रॉम्बोनचा सुमारे २५. आणि सर्वांत खर्जातल्या ट्यूबाचा तर ३२ मिलिमीटरच्या आसपास. ट्रंपेटच्या माउथपीसचा गळा मात्र साडेतीन-पावणेचार मिलिमीटरच असतो, म्हणजे त्यातून पेन्सिलही जाणार नाही. पेला उथळ असला तर आवाज तीक्ष्ण आणि उजळ होतो, खोल असला तर गोल व गंभीर होतो. कड रुंद असली तर ओठांवरचा भार वाटला जातो. अरुंद व धारदार असली तर स्वर झटकन फिरवता येतात, पण ओठ लवकर थकतात. व्यासात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तरी जाणत्या वादकाला तो लगेच कळतो.

आपल्यापैकी कोणाला हे पडताळून पाहावयाचे असेल, तर एक सोपा प्रयोग आहे. माउथपीस हातात धरून त्याच्या पेल्यावर तळहाताने हलकीशी थाप मारावी. बाटलीचे बूच उघडावे तसा एक लहानसा आवाज येईल. त्या आवाजाची उंची पेला केवढा आणि गळा केवढा यावर ठरते. पितळेचा आणि प्लास्टिकचा माउथपीस आतून अगदी एकाच मापाचा असेल, तर दोहोंचा हा आवाज एकाच उंचीचा येतो. आतली हवा आपल्याभोवतीची भिंत पितळेची की प्लास्टिकची हे विचारीत नाही. ती भिंतीचा आकार तेवढा ओळखते. आजच्या विषयातील मुख्य मुद्दा हाच आहे: आकार आधी, द्रव्य नंतर.

आता थोडे आपल्या गावाविषयी. बडोद्याचा या विषयाशी दोन्ही अंगांनी संबंध येतो. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली येथे गायनशाळा काढली. तीच पुढे वाढत जाऊन आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या ललित प्रयोग-कलांच्या विद्याशाखेत सामावली आहे. संगीत हे मूठभर घराण्यांचे धन न राहता शाळेत जाणाऱ्या कोणाही मुलाला वर्गात बसून, स्वरलिपी वाचून शिकता यावे, ही त्यामागची दृष्टी होती. मौलाबक्ष यांचे एक पुत्र पाश्चात्त्य संगीताच्या शिक्षणासाठी लंडनच्या रॉयल अ‍ॅकॅडमीत गेले होते. त्यांचे नातू इनायतखाँ यांचा जन्म १८८२ साली बडोद्यातच झाला. पहिली अखिल भारतीय संगीत परिषद १९१६ साली भरली, तीही याच नगरीत. इतर मोठ्या संस्थानांप्रमाणे येथेही दरबारी बँड होता. पुढे संस्थाने विलीन झाली, दरबारी बँड मोडले, आणि देशभर अशा पुष्कळ वादकांना लग्नाच्या बँडचा आसरा घ्यावा लागला.

दुसरा संबंध प्लास्टिकचा. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना १९६५ साली सुरू झाला. १९६९ साली इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन स्थापन झाले, जे २००७ साली रिलायन्समध्ये विलीन झाले. नंदेसरीच्या औद्योगिक वसाहतीत एबीएस या जातीच्या प्लास्टिकचे दाणे तयार होतात. आपल्या हेल्मेटचे कवच, प्रवासी पेट्यांचे पत्रे, मुलांचे जोडाजोडीचे ठोकळे बहुधा या एबीएसचे असतात. आणि पुष्कळसे प्लास्टिकचे माउथपीसही त्याचेच असतात. म्हणजे ज्या नगरीने संगीताला शाळेत आणून बसवले, तिच्याच वेशीवर हे द्रव्यही तयार होत आहे. दोघांची गाठ मुलांच्या हितासाठी कशी घालता येईल, हे पाहणे म्हणूनच अप्रस्तुत नाही.

पितळेचा माउथपीस कसा होतो? भरीव पितळी कांब घेऊन ती लेथवर कातली जाते, आतून पेला कोरला जातो, आरपार गळा पाडला जातो, आणि शेवटी वर चांदीचा, निकेलचा किंवा सोन्याचा मुलामा चढवितात. आपल्या देशात बँडच्या वाद्यांचे मोठे माहेरघर म्हणजे मेरठ. तेथील जली कोठी भागात घरोघर हा धंदा चालत आला आहे, आणि नादिर अली यांची पेढी तर १८८५ पासूनची. मुलामा चढविण्यात केवळ शोभेचा हेतू नसतो. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांचा मिश्रधातू. कातकाम सुलभ व्हावे म्हणून त्यात बहुधा थोडे शिसेही मिसळलेले असते. ओठांची ओल आणि घाम लागला की उघडे पितळ काळवंडते, हिरवट पडते. अशी कड तासन् तास ओठांवर दाबून धरणे हिताचे नाही. यास्तव मुलामा हवा, आणि तो झिजला की पुन्हा चढवून घ्यावयास हवा. व्यावसायिक वादक हे जाणतो. पण शाळेच्या कपाटात वर्षानुवर्षे पडलेल्या बिगुलांकडे इतक्या आस्थेने कोण पाहणार?

प्लास्टिकचा विचार पुढे आला तो प्रथम टंचाईमुळे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत तांबे आणि पितळ दारूगोळ्याकडे वळवावे लागले. तेव्हा १९४३ च्या सुमारास तेथील सैन्यासाठी चक्क प्लास्टिकचे बिगुल तयार करण्यात आले. पुढे १९५३ साली जर्मनीत हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स या दोघांनी एकमेकांच्या नकळत पॉलिकार्बोनेट नावाचे द्रव्य शोधून काढले. ते काचेसारखे पारदर्शक आणि तरीही सहसा न फुटणारे असे आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील केली या नावाचे माउथपीस याच द्रव्याचे असतात, आणि थंडीत रस्त्यावर चालत वाजविणाऱ्या तिकडच्या शालेय बँडमध्ये ते परिचित आहेत. २०१० नंतर इंग्लंडमधून पी-बोन नावाचा संपूर्ण प्लास्टिकचा ट्रॉम्बोन बाजारात आला, आणि मागोमाग पी-ट्रंपेटही आला. ही वाद्ये एबीएसची असून त्यांचे माउथपीसही प्लास्टिकचेच असतात. लहान मुलांच्या हातांना पेलावी आणि आईबापांच्या खिशाला परवडावी, हा त्यामागचा उद्देश.

असा माउथपीस तयार करावयाची रीत निराळी असते. प्लास्टिकचे दाणे तापवून पातळ करतात आणि पोलादी साच्यात दाबाने सोडतात. क्षणभराने साचा उघडला की घडलेली वस्तू बाहेर पडते. साचा बनविण्यास खर्च फार येतो. परंतु एकदा तो झाला की त्यातून हजारो नग सारख्याच मापाचे निघतात. यामुळे प्लास्टिकचा माउथपीस स्वस्त पडतो. अर्थात येथे एक गोष्ट विसरता कामा नये. साचा उत्तम असेल तर हजारो नग उत्तम निघतील, आणि साचा सदोष असेल तर तोच दोष हजारो मुलांच्या ओठांपर्यंत पोहोचेल.

आता मुख्य प्रश्न स्वराचा. धातू बदलला की वाद्याचा आवाज बदलतो, असा समज फार दृढ आहे. १९७१ साली जॉन कोल्टमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने चांदी, तांबे आणि लाकूड यांच्या, आतून सारख्याच मापाच्या बासऱ्या करून परीक्षा घेतली. डोळ्यांना दिसू न देता त्या वाजविल्या, तेव्हा जाणकार श्रोत्यांना, इतकेच नव्हे तर वाजविणाऱ्यांनाही, कोणती कशाची हे ओळखता आले नाही. इंग्लंडमधील वाद्यनिर्माते रिचर्ड स्मिथ यांनी ट्रॉम्बोनच्या तोंडाच्या पत्र्याची जाडी कमीअधिक करून निष्णात वादकांना अशीच परीक्षा दिली. डोळे झाकल्यावर त्यांनाही जाडी सांगता आली नाही. हे प्रयोग माउथपीसवर केलेले नव्हेत, हे खरे. तथापि त्यांतून जो बोध होतो, तो आपण थाप मारून पाहिलेल्या प्रयोगाशी जुळणारा आहे. दूर बसलेल्या श्रोत्याच्या कानाला द्रव्याचा फरक फारसा जाणवत नाही.

मात्र वादकाची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि तिची थट्टा करता कामा नये. वादक आपला स्वर केवळ कानांनी ऐकत नाही. ओठ, दात आणि कवटीची हाडे यांच्याद्वारेही तो त्याच्यापर्यंत पोहोचतो. ट्रंपेटचा पितळी माउथपीस सुमारे १०० ग्रॅम वजनाचा असतो. पितळाची घनता पाण्याच्या साडेआठ पट, तर पॉलिकार्बोनेटची अवघी १.२ पट, त्यामुळे तेवढ्याच आकाराचा प्लास्टिकचा माउथपीस सुमारे चौदा ग्रॅमच भरतो. इतकी हलकी वस्तू ओठांबरोबर अधिक थरथरते, हातातील वाद्याचा तोल किंचित बदलतो, आणि काही वादकांना मोठ्याने वाजविताना स्वराची धार बोथट झाल्यासारखी वाटते. ज्याने वीस वर्षे चांदीच्या मुलाम्यावर ओठ ठेवले आहेत, त्याला प्लास्टिक परके वाटले तर नवल नाही. त्याने ते वापरावे, असा आग्रह धरण्याचेही कारण नाही.

पण शिकणाऱ्या मुलाचा विचार केला, तर प्लास्टिकच्या काही गुणांकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

पहिला गुण उष्णतेसंबंधीचा. पितळ प्लास्टिकपेक्षा शेकडो पटींनी अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. थंडीच्या दिवसांत, उदाहरणार्थ प्रजासत्ताकदिनाच्या सकाळी मैदानावर उभ्या असलेल्या मुलाच्या ओठांतील ऊब पितळ क्षणात शोषून घेते. ओठ बधिर होतात आणि स्वर फाटतो. याच्या उलट वैशाखात, जेव्हा बडोद्यात पारा चाळीसच्या पुढे जातो, तेव्हा उन्हात तापलेली पितळी कड ओठांना चटका देते. प्लास्टिकची कड दोन्ही ऋतूंत सुसह्य राहते.

दुसरा गुण त्वचेसंबंधीचा. काही जणांच्या त्वचेला निकेल सोसत नाही. ओठांभोवती लाल कडे उमटते, खाज सुटते, बारीक पुरळ उठते. मी ज्या शाळांत शिकविले आहे, त्यांपैकी एकीत सातवीतील एक मुलगा याच कारणाने बँडमधून नाव काढून घेण्याच्या बेतात होता. त्याचा स्वर सुरेख लागत असे. पण दर सरावानंतर त्याचे ओठ सुजत. वाद्य त्याच्या प्रकृतीला मानवत नाही, अशी घरच्यांची समजूत झाली होती. त्याच्या वाट्याला आलेल्या बिगुलाच्या माउथपीसचा मुलामा झिजून कड उघडी पडली होती. प्लास्टिकचा माउथपीस दिल्यावर दोन आठवड्यांत त्याचे ओठ निवळले, आणि पुढची दोन वर्षे तो बँडमध्ये राहिला. प्रत्येक मुलाच्या बाबतीत असेच घडेल असे नव्हे. ओठांना काही झाले तर डॉक्टरांना दाखविलेच पाहिजे. तथापि मुलात गुण नाही असे ठरविण्यापूर्वी माउथपीसची कड एकदा उजेडात धरून पाहावी, एवढे यातून घेण्यासारखे आहे.

तिसरा गुण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आपल्या बहुतेक शाळांत वाद्ये थोडी आणि मुले फार अशी स्थिती असते. एकच बिगुल तीन मुले आळीपाळीने वाजवितात, आणि मधल्या वेळात माउथपीस शर्टाच्या बाहीला पुसला की तो शुद्ध झाला असे समजले जाते. यातून सर्दी-पडसे, घशाचे विकार, ओठांवरचे सांसर्गिक फोड एकाचे दुसऱ्याला लागतात. २०२० च्या कोरोनाच्या साथीने तर ही गोष्ट साऱ्यांनाच पटवून दिली. वाद्य तिघांत एक असले तरी चालेल. पण माउथपीस ज्याचा त्याला हवा. पितळी माउथपीस प्रत्येकाला घेऊन देणे शाळेला किंवा गरीब पालकाला जड जाते. प्लास्टिकचा माउथपीस स्वस्त असल्यामुळे हे शक्य कोटीत येते. मुलाच्या दप्तरात त्याचा स्वतःचा माउथपीस असला, म्हणजे तो घरीही ओठांचा सराव करू शकतो. कारण नुसत्या माउथपीसवर स्वर धरणे हा पितळी वाद्यांच्या शिक्षणातील एक मान्य पाठच आहे. वाद्य शाळेत कुलपात राहिले, तरी शिक्षण कुलपात राहत नाही.

आता दोषांकडे वळू. पहिला दोष सांध्याचा. साच्याच्या दोन भागांमधून येणारी बारीक शीर कधी कधी कडेवर राहून जाते, आणि ती ओठाला कापते. दुसरा दोष बसण्याचा. माउथपीसची दांडी वाद्याच्या नळीत घट्ट आणि सरळ बसली पाहिजे. ती डगमगली तर हवा निसटते, वाद्य बेसूर होते, आणि दोष मुलाच्या माथी येतो. आपल्याकडील देशी बिगुलांच्या नळ्यांचे माप एकसारखे असतेच असे नाही. म्हणून ज्या वाद्यासाठी घ्यावयाचा, ते वाद्य बरोबर नेऊनच खरेदी करावी. तिसरा दोष असा, की प्लास्टिकवर ओरखडे लवकर उठतात. पितळी माउथपीसला पुन्हा मुलामा देता येतो. प्लास्टिकची कड खरबरीत झाली की तो टाकूनच द्यावा लागतो. टाकलेले प्लास्टिक मातीत मिळून जात नाही, हेही आपण जाणतो. म्हणून स्वस्त आहे म्हणून दरसाल नवा, ही वृत्ती बरी नव्हे; नीट वापरल्यास एक माउथपीस मुलाला कैक वर्षे पुरतो. शेवटचा दोष म्हणजे नकली मालाचा. केवळ रंग आकर्षक, पण आतला पेला आणि गळा कसाही पाडलेला, अशा वस्तूंना माउथपीस म्हणण्यापेक्षा खेळणे म्हणणेच योग्य ठरेल.

तेव्हा घेताना काय पाहावे? कडेवरून नखाचे टोक सावकाश फिरवावे. कोठेही अडता कामा नये. माउथपीस डोळ्यांसमोर उजेडात धरून आरपार पाहावे. गळा बरोबर मध्यभागी आणि गुळगुळीत दिसला पाहिजे. वाद्यात हलकेच फिरवून बसवावा आणि डोलतो काय ते पाहावे. मापाचा आकडा त्यावर छापलेला असतो. बँडमास्तरांनी सांगितलेला आकडा सोडून दुसरा घेऊ नये. नवशिक्या मुलाला फार मोठा किंवा फार लहान पेला देणे दोन्ही चूक. मध्यम मापच बरे.

निगा राखणेही सोपे आहे. आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने व साबणाने, लहान ब्रशाने गळा आतून स्वच्छ करावा आणि सावलीत वाळवावा. जंतू मरावेत म्हणून उकळत्या पाण्यात मात्र टाकू नये. एबीएस त्या उष्णतेला मऊ होऊ लागते आणि आकार बिघडतो, आणि आकार बिघडला की सारेच बिघडले. अ‍ॅसिटोन किंवा रंगाचा थिनर यांचा स्पर्शही होऊ देऊ नये. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तो ठेवू नये. आणि धातूचा असो वा प्लास्टिकचा, वाद्यात बसविताना त्यावर तळहाताने ठोसा मारू नये. याने तो नळीत अडकून बसण्याचा संभव असतो.

पुढे काय, असाही प्रश्न येतो. मूल दोन-तीन वर्षे टिकले, त्याचे ओठ तयार झाले, आणि ते वाद्याला खरोखर वाहून घेणार असे दिसले, म्हणजे त्याला चांगला चांदीच्या मुलाम्याचा पितळी माउथपीस अवश्य घेऊन द्यावा. सूक्ष्म रंग भरताना, एकट्याने वाजविताना, पितळेचे वजन आणि ओठांना मिळणारी पकड उपयोगी पडते, असा बहुतेक कसलेल्या वादकांचा अनुभव आहे. प्लास्टिक आणि पितळ यांच्यात शत्रुत्व मानण्याचे कारण नाही. पाटीवर लिहिणारे मूल पुढे वहीवर लिहू लागते, म्हणून पाटी खोटी ठरत नाही.

गोव्यातील चर्चच्या शाळांनी एके काळी गावोगावच्या मुलांच्या हाती वाद्य आणि स्वरलिपी दिली. त्या परंपरेतून आलेल्या वादकांनी पुढे मुंबईचे नृत्यवृंद आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद गाजविले. चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्धीस आलेले ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ हे त्यांतलेच. १९६७ साली ते निवर्तले. त्या मुलांना फार मौल्यवान वाद्ये मिळाली होती असे नव्हे. वेळेवर हाती वाद्य आणि पाठीशी शिक्षक मिळाला, हे महत्त्वाचे. सयाजीराव महाराजांनी गायनशाळा उघडली तेव्हाही तोच विचार होता, की शिकण्याची इच्छा असलेले मूल साधनांवाचून दाराबाहेर राहू नये.

म्हणून शिक्षकांना आणि पालकांना माझी एवढीच विनंती आहे. नव्या शैक्षणिक वर्षाच्या आरंभी शाळेच्या बँडचे कपाट उघडावे. एकेक माउथपीस हातात घेऊन त्याची कड पाहावी. ज्यांचा मुलामा उडाला आहे ते बाजूला काढावेत, आणि बँडमधल्या प्रत्येक मुलाला, मग तो प्लास्टिकचा का असेना, योग्य मापाचा, स्वच्छ आणि त्याच्या नावाचा माउथपीस मिळेल अशी व्यवस्था करावी. खर्च फार येणार नाही. पण ओठ सुजले म्हणून, किंवा दुसऱ्याचे उष्टे तोंडाला लावावे लागते म्हणून, एखादे गुणी मूल संगीताला मुकणार असेल, तर ते आपल्याला टाळता येईल.